पावती फाडायला नको, भांडायला संघटना पाहिजे

लातूरच्या आडत बाजारातल्या हमालांच्या छोट्या संघटनेचा मी खजिनदार. आज बोलणारच आहे.

महिन्याला वीस रुपये वर्गणी. दोन चहाचे पैसे. तरी पावती पुस्तक दिसलं की गडी पोत्यांच्या थप्पीमागं गायब. "दिवाळीला सगळी एकदाच घ्या." दिवाळीला सोयाबीनची आवक असते, हातात पैसा असतो, तेव्हा म्हणतात, "सणाचं कामून मागता?" मग तूर येते, तीही जाते. एक हुशार तर मला कायदा शिकवतो, कामगार संघटना कायद्याच्या 2001 च्या दुरुस्तीत असंघटित कामगाराची वर्गणी वर्षाला 3 रुपयेच होती म्हणून. अरे, ती कमीत कमी होती! तीन रुपयांत कामगार कार्यालयापर्यंतचा रिक्षा तरी येतो का?

हमालीच्या दराची बैठक असली की हेच सगळ्यात पुढं. "संघटना करते काय?"

जुन्या वह्या माझ्याकडं आहेत. नावापुढं आठ आणे, रुपया, आणि बाजूला अंगठा. सही येत नव्हती त्या माणसांना, पण महिना चुकवला नाही. माथाडी कायदा 1969 चा, पण आपल्या यार्डात तो लागू करून घ्यायला हेलपाटे कुणाच्या पैशानं घातले? त्याच आठ आण्यांच्या. आज फंड, बोनस कोण घेतंय?

2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या साली यार्डात मालच नव्हता. तेव्हा वर्गणी मागितलीच नाही, मागायचीही नव्हती. पण पुढं आवक परत आली, वर्गणी काही आली नाही. तेव्हापासून वहीत नुसत्या रिकाम्या रकान्यांच्या ओळी.

परवा थप्पी कोसळून एका गड्याचा पाय मोडला. खात्यात चौदाशे रुपये. प्लास्टरलाही पुरेनात. त्याची बायको दवाखान्याच्या पायरीवर बसलेली, आणि मी आडतीआडतीनं हात पसरत फिरतोय. ज्या आडत्यांशी दरावरून भांडायचं, त्यांच्याच दारात!

वर कुजबूज, "खजिनदारानं खाल्ले." खाल्ले? 1926 च्या कामगार संघटना कायद्यानंच सभासदाला हिशेबाची वही बघायचा हक्क दिला. दर बैठकीत वही टेबलावर उघडी असते. एक जण पान उलटत नाही.

सोयाबीन सुरू झालं की पुस्तक घेऊन गेटवरच बसणार. ज्याची पावती नाही, त्यानं दराच्या बैठकीत तोंड उघडायचं नाही.