‘सीएमएलला एकच गोळी पुरते’: हे कुठवर खरं?

कोल्हापुरात व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय: ‘सीएमएल या ब्लड कॅन्सरला रोजची एक गोळी पुरते. आजार वाढल्यावर गोळीसोबत केमो देणं म्हणजे नुसतं बिल वाढवणं. पांढऱ्या पेशी १०,००० च्या खाली आल्या की गोळीही बंद करावी.’

पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून जास्त घातक. क्रॉनिक, म्हणजे सुरुवातीच्या संथ टप्प्यात रोज ४०० मिलिग्रॅम इमॅटिनिब (हीच ती गोळी) बहुतेकांना खरंच पुरतं. तिथं केमो कुणी देतही नाही. पण रक्तात किंवा अस्थिमज्जेत ब्लास्ट पेशी, म्हणजे पूर्ण न वाढलेल्या कच्च्या पेशी, २० टक्के वा जास्त झाल्या की ब्लास्ट टप्पा आला आणि सगळा हिशेब बदलतो. आधी पेशी बीसीआर-एबीएल या एकाच जनुकीय बिघाडावर जगत असतात, गोळी तोच बंद करते. ब्लास्ट टप्प्यात पेशींत आणखी बिघाड साचलेले असतात. एक वाट अडवली की त्या दुसरीनं वाढतात. एकट्या गोळीनं रिपोर्ट सुधारतो, पण बहुधा काही महिन्यांतच आजार उलटतो.

म्हणून केमो जोडतात, तीही सरसकट एकच नव्हे. ब्लास्ट लिम्फॉइड (लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींच्या वंशाच्या) असतील तर गोळीसोबत व्हिन्क्रिस्टीन आणि स्टेरॉइडवर आधारलेली केमो, शिवाय पाठीच्या मणक्यातून औषध, कारण या पेशी मेंदूभोवतीच्या पाण्यात दडतात. मायलॉइड (बाकीच्या रक्तपेशींच्या वंशाच्या) असतील तर सायटॅराबिनसारखी औषधं. गोळी कोणती, हे म्युटेशनच्या, म्हणजे बीसीआर-एबीएलमध्ये झालेल्या नव्या बदलाच्या तपासणीवर ठरतं: टी३१५आय हा बदल निघाला तर इमॅटिनिब आणि त्याच जातीच्या डॅसाटिनिब, निलोटिनिब या तिन्ही गोळ्या निकामी, तिथं पोनॅटिनिबचा विचार होतो. एवढं करून आजार परत क्रॉनिक टप्प्यात आणायचा आणि जमत असेल तर लगेच बोन मॅरो ट्रान्सप्लांट करायचं. त्यामुळे सख्ख्या भावंडांची एचएलए तपासणी (मॅरो जुळतो का हे सांगणारी) पहिल्याच आठवड्यात करून घ्या. केमो संपेपर्यंत थांबलात तर हातची वेळ जाते.

गोळी बंद करण्याचा सल्ला सर्वांत वाईट. काउंट नॉर्मल म्हणजे आजार गेला असं नव्हे. खरं चित्र बीसीआर-एबीएल पीसीआर ही रक्तातला बिघाड किती उरलाय ते मोजणारी तपासणी दाखवते. क्रॉनिक टप्प्यात हे प्रमाण असं हवं: ३ महिन्यांनी १० टक्के, ६ महिन्यांनी १, वर्षानं ०.१ किंवा त्याखाली. गोळी थांबवून बघणं फक्त क्रॉनिक टप्प्यातच राहिलेल्यांसाठी, तेही अनेक वर्षांच्या उपचारानंतर आणि सुरुवातीला दरमहा पीसीआर करत. एकदा ब्लास्ट टप्पा आलेल्या माणसानं हा प्रयोग करूच नये.

एकत्र उपचार सोपा नाही, हे मान्यच. केमोनं पेशी खाली जातात. ताप १०० अंश फॅरेनहाइटच्या वर गेला तर पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट बघू नका, रात्रीच रुग्णालय गाठा. डॅसाटिनिब चालू असताना धाप लागली तर छातीत पाणी साचलंय का ते लगेच बघून घ्या. आणि तांबड्या रश्श्यानं पित्त झालं म्हणून मेडिकलमधून आणलेली पँटोप्राझोल डॅसाटिनिबसोबत नको. पोटातलं आम्ल कमी झालं की डॅसाटिनिब नीट शोषलं जात नाही आणि महागडी गोळी वाया जाते. साधं अँटासिड चालतं, पण दोन तास आधी किंवा दोन तास नंतर.