चांगला माणूस राजकारणात येऊ नये म्हणून

राजकारणात चांगली माणसे का येत नाहीत, या प्रश्नावर चर्चा करायला ठाण्यात तलावपाळीचा कट्टा पुरेसा आहे, आणि घोडबंदर रस्त्यावर गाडी अडकली की वेळही भरपूर मिळतो. परंतु ही परिस्थिती काही आपोआप निर्माण झालेली नाही. तिच्यामागे नागरिकांचे वर्षानुवर्षांचे परिश्रम आहेत आणि त्यांची कोणीच दखल घेत नाही. आपल्या प्रभागातून एकही भला माणूस महापालिकेच्या सभागृहापर्यंत पोहोचू नये, असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. आपण या शहरात नुकतेच राहायला आला असाल, तर ते अधिकच उपयोगी पडेल.

सुरुवात ‘सगळे सारखेच’ या वाक्यापासून करावी. ते उठता-बसता म्हणावे, मुलांच्या कानावरही घालावे. या वाक्याचा खरा गुण फार थोड्यांच्या लक्षात आला आहे. जो टक्केवारीवर पोसला गेला, त्याला चोर म्हटल्याने त्याचे काहीही बिघडत नाही. उलट सगळेच चोर असल्याचे आपण मान्य केल्यामुळे त्याला हायसेच वाटते. पण शेजारच्या विंगमधल्या निवृत्त मुख्याध्यापकांनी उभे राहण्याचा विचार बोलून दाखवला आणि दुसऱ्या दिवशी भाजीवाल्यापाशी त्यांच्या पत्नीला कोणी हसत हसत म्हटले, ‘काय वहिनी, आता तुमची चंगळ!’, तर तो विचार त्याच संध्याकाळी बारगळतो. सरसकट अविश्वासाचा दंड फक्त प्रामाणिक माणूस भरतो, आणि हा दंड वसूल करायला कोणताही कर्मचारी नेमावा लागत नाही.

यापुढचे काम म्हणजे शपथपत्रे न वाचणे. उमेदवाराने आपली मालमत्ता, शिक्षण आणि आपल्यावरील खटले जाहीर करावेत, हा मतदाराचा हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २००२ आणि २००३ मध्ये सांगितले. त्यामुळे आज ही माहिती घरबसल्या मिळते, आणि सावध राहण्याची गरज नेमकी त्यामुळेच उत्पन्न झाली आहे. दहा मिनिटे काढून कोणी ती वाचली, तर सगळे सारखे नाहीत असे त्याला दिसून येईल, आणि मग आपल्या मूळ सिद्धान्ताचे काय होणार?

खरी मेहनत मात्र सोसायटीच्या पातळीवर करायची असते. निवडणुकीची चाहूल लागताच सचिवांनी इच्छुकांना एकेक करून चहाला बोलवावे आणि आवारातून एक फेरी मारून आणावी. पेव्हर ब्लॉक, सीसीटीव्ही, जिन्याचा रंग, गच्चीचे वॉटरप्रूफिंग या क्रमाने यादी सादर करावी आणि ‘आमच्याकडे अमुक इतकी मते आहेत’ हे वाक्य बोलण्याच्या ओघात सहज आल्यासारखे म्हणावे. आमच्या ओळखीच्या एका सोसायटीत फाटकाशी सिमेंटचे बाकडे आहे. त्याच्या पाठीवर ‘यांच्या सौजन्याने’ असे लिहून खाली ठळक अक्षरांत नाव आहे आणि नावाशेजारी पांढऱ्या रंगाचा एक चौकोन आहे. त्या चौकोनाखाली पूर्वी एक निवडणूक चिन्ह होते. दात्याने पक्ष बदलल्यावर त्याचाच माणूस डबा-ब्रश घेऊन येऊन ते पुसून गेला. नवे चिन्ह अजून रंगवलेले नाही, बहुधा घाई करण्यात अर्थ नाही असे त्यालाही वाटत असावे. रहिवासी मात्र त्याच बाकड्यावर बसून पक्षांतराविषयी अत्यंत कडक शब्दांत बोलतात.

आता समजा, इतके करूनही एखादा उमेदवार वीट, रंग, सिमेंट यांपैकी काहीही न घेता, फक्त एक वही घेऊन आला. महापालिकेचा अर्थसंकल्प आपण वाचला आहे, नाल्यांवरचा खर्च आणि पावसाळ्यात तुंबणारे पाणी यांचा मेळ बसत नाही, असे तो सांगू लागला. अशा वेळी गडबडून जाऊ नये. त्याचे बोलणे शांतपणे ऐकून घ्यावे आणि शेवटी विचारावे, ‘ते सगळं ठीक आहे, पण आमच्या सोसायटीसाठी काय करणार?’ हा प्रश्न आजवर वाया गेलेला नाही.

नगरसेवकाच्या मानधनाचा विषय निघाला, तर मात्र तत्त्वनिष्ठ व्हावे. लोकसेवेचे पैसे कशाला, असे ठणकावून सांगावे आणि लगेच दहीहंडी, गणपती, नवरात्र व क्रिकेटचे सामने यांची पावतीपुस्तके त्याच्यापुढे ठेवावीत. ज्याला तुटपुंज्या मानधनात हे सारे परवडते, तो कसा परवडवतो हे विचारण्याइतके आपण असंस्कृत नाही. चौकातल्या त्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर आपल्या चिरंजीवांचा चेहरा टपालाच्या तिकिटाएवढा का होईना झळकला, की बेकायदा फलकांबाबत मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये काय निकाल दिला, हे आठवण्याचेही कारण उरत नाही.

महापालिकेतील निम्म्या जागा २०११ पासून महिलांसाठी राखीव आहेत. तेथे एखादी अभ्यासू बाई निवडून आलीच, तर गटारापासून दिव्यापर्यंतची प्रत्येक तक्रार तिच्या यजमानांना फोन करून सांगावी.

धीर हा गुणही अंगी बाणवावा लागतो. महापालिकेची मुदत पाच वर्षांची असावी आणि ती संपण्यापूर्वी पुढची निवडणूक व्हावी, असे संविधान सांगते. नवी मुंबईत एप्रिल २०१५ नंतर आणि ठाण्यात फेब्रुवारी २०१७ नंतर थेट जानेवारी २०२६ मध्ये मतदान झाले, तेही सर्वोच्च न्यायालयाने बजावल्यानंतर. आधीची मुदत संपल्यापासूनची वर्षे प्रशासक कारभार पाहत होते. एवढ्या काळात आपण कोणालाही जाब विचारला नाही, याचा अभिमान बाळगावा. पाणी दोन दिवस आले नसते, तर आपण मोर्चा काढला असता.

प्रत्यक्ष मतदानाची चिंता करू नये. मुंबई वगळता इतर महापालिकांत बहुसदस्यीय प्रभाग असल्यामुळे बहुतेक ठिकाणी एका मतदाराला चार मते द्यावी लागतात, आणि चौघे निवडून आले की खड्डा नेमका कोणाचा, हे चौघांनाही ठरवता येत नाही. ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय मात्र जपून हाताळावा. राज्य निवडणूक आयोगाच्या २०१८ च्या आदेशानुसार स्थानिक निवडणुकीत त्याला सर्वाधिक मते पडली तर फेरनिवडणूक घ्यावी लागते; म्हणजे त्याचा चुकून खरोखरच उपयोग होऊ शकतो. त्यापेक्षा जोडून सुट्टी आली असेल तर लोणावळ्याला जावे.

निकाल लागला की मुख्याध्यापकांची, ते शेवटी उभे राहिलेच असतील तर, आवर्जून भेट घ्यावी. ‘सर, आम्ही घरातल्या सगळ्यांनी तुम्हालाच दिलं होतं’, असे सांगावे. हेच सांगायला इमारतीतली आणखी दहा-बारा कुटुंबे आधीच येऊन गेलेली असतील. आपल्या मतदान केंद्रावर सरांना एकूण किती मते पडली, याचा कागद त्यांच्या खिशातच असतो. पण ते जुन्या वळणाचे असल्यामुळे तो बाहेर काढणार नाहीत, उलट आपल्याला चहाच विचारतील.