‘आकाश अफाट आहे’ म्हणून सर्किट सोडावे काय?

वैमानिकांमध्ये आणि उड्डाणाची हौस असणाऱ्यांमध्ये एक संदेश बराच फिरतो आहे. त्याचा आशय असा: नियंत्रण मनोरा नसलेल्या छोट्या विमानतळाजवळ दोन विमानांची टक्कर होणे जवळजवळ अशक्य, कारण आकाश अफाट आहे, रेडिओवर आपली जागा सांगितली की काम झाले, आता तर एडीएस-बीच्या (विमाने आपली जागा आपोआप प्रक्षेपित करतात त्या यंत्रणेच्या) पडद्यावर सगळी विमाने दिसतात, आणि हवा स्वच्छ असेल तर डोळे आहेतच. तेव्हा धावपट्टीभोवती ठरलेले चौकोनी सर्किट घेऊन उतरण्याची पद्धत कालबाह्य झाली असून, लांबून सरळ धावपट्टीच्या रेषेत येणे तितकेच सुरक्षित आहे आणि त्यात पाच मिनिटे वाचतात.

अफाट आकाशाचा मुद्दा फार वेळ घेण्याजोगा नाही. विमाने कुठेही, कशीही विखुरलेली असतील तरच तो लागू पडतो, आणि तेव्हाही त्याची हमी नसते: 30 जून 1956 रोजी अमेरिकेत ग्रँड कॅन्यनवरच्या मोकळ्या आकाशात दोन प्रवासी विमाने एकमेकांवर आदळली आणि 128 माणसे मृत्युमुखी पडली. छोट्या विमानतळाजवळ तर विमाने विखुरलेली नसतातच. सर्वांना एकाच पट्टीवर, वाऱ्याकडे तोंड करून, जमिनीपासून साधारण 1000 फुटांच्या उंचीवरून खाली यायचे असते. हवेतल्या बहुतेक टकरी दिवसाढवळ्या, स्वच्छ हवेत आणि विमानतळांच्या आसपास होतात, याचे कारण हेच.

डोळ्यांचा मुद्दा संदेशात शेवटी असला तरी येथे आधी घेतो, कारण बाकीचे मुद्दे अखेरीस त्याच्यावरच टेकलेले आहेत. जे विमान आपल्यावर आदळणार असते ते, दोघांचा वेग आणि दिशा कायम असेल तर, आपल्या काचेवर एकाच जागी स्थिर राहते. डाव्या-उजव्या बाजूला सरकणारे विमान नजरेच्या कडेलाही जाणवते. पण सरकते ते विमान बहुधा धोक्याचे नसते, आणि धोक्याचे असते ते काचेवरच्या माशीच्या डागासारखे निमूट बसून असते. अंतर निम्मे झाले की त्याचा आकार दुप्पट होतो, त्यामुळे बराच वेळ ते ठिपकाच राहते आणि अगदी शेवटच्या काही सेकंदांत एकाएकी फुगते.

अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या, म्हणजे एफएएच्या, मार्गदर्शनात वस्तू दिसण्यापासून विमान प्रत्यक्ष वळेपर्यंतचा वेळ 12.5 सेकंद धरला आहे, आणि त्यातले जवळजवळ 9 सेकंद टकरीचा मार्ग ओळखण्यात व काय करायचे हे ठरवण्यात जातात. आता 90 नॉट (ताशी सुमारे 167 किलोमीटर) वेगाची दोन छोटी विमाने समोरासमोर येत आहेत असे धरले, तर 12.5 सेकंदांत त्यांच्यातले सुमारे 1150 मीटर अंतर संपते. तेवढ्या अंतरावर 11 मीटर पंखांचे विमान चंद्राच्या बिंबाएवढे रुंद दिसते, तेही पंखांच्या टोकापासून टोकापर्यंत. बाकी सगळी एक बारीक रेघ. तोपर्यंत ते दिसलेले नसेल तर वळायला वेळ उरत नाही. आकाश नीट न्याहाळायचे तर नजर दहा-दहा अंशांच्या टप्प्यांनी हलवून प्रत्येक टप्प्यावर निदान एक सेकंद थांबवावी लागते. 180 अंश रुंद आणि 30 अंश उंच पट्टा या रीतीने एकदा पाहायला 54 सेकंद लागतात. शिवाय उतरताना खालच्या पंखांचे विमान वर आणि वरच्या पंखांचे विमान खाली असेल, तर दोघांनाही एकमेकांचे पंखच आड येतात, मग नजर कितीही तीक्ष्ण असो.

मग डोळे निरुपयोगी आहेत का? नाहीत, पण कुठे पाहायचे हे त्यांना आधी कळावे लागते. ऑस्ट्रेलियाच्या विमान सुरक्षा तपास विभागाच्या 1991 च्या अहवालात एक मोजमाप दिले आहे: दुसरे विमान कोणत्या बाजूला आहे हे ठाऊक असलेल्या वैमानिकाने एक सेकंद पाहणे हे ठाऊक नसलेल्याने आठ सेकंद पाहण्याइतके परिणामकारक ठरते. रेडिओचा खरा उपयोग यासाठी आहे, आणि दहा मैलांवरून आपली जागा, उंची व हेतू सांगावा ही शिफारसही त्यासाठीच आहे.

परंतु ‘सांगितले की काम झाले’ हे चूक आहे. अमेरिकेत मनोरा नसलेल्या बहुतेक विमानतळांवर रेडिओ सक्तीचा नाही, आणि वीजयंत्रणाच नसलेली जुनी विमाने तेथे कायदेशीरपणे उतरतात. एकच फ्रिक्वेन्सी जवळपासचे अनेक विमानतळ वापरतात, म्हणून तर विमानतळाचे नाव वाक्याच्या आरंभी आणि शेवटी दोनदा घ्यायचे असते. शिवाय ऐकू आलेले चुकीचे समजण्याचा धोका राहतोच. 19 नोव्हेंबर 1996 रोजी इलिनॉयमधील क्विन्सी येथे उतरणाऱ्या बीच 1900 या छोट्या प्रवासी विमानाने धावपट्टीच्या टोकावरच्या विमानाला ‘तुम्ही थांबणार आहात ना’ असे विचारले. उत्तर दिले त्याच्या मागे उभ्या असलेल्या तिसऱ्याच विमानाने, आणि त्याच वेळी बीचच्या कॉकपिटमध्ये उंचीचा यांत्रिक इशारा वाजल्याने त्यातले काही शब्द झाकले गेले. पहिले विमान निघाले. दोन धावपट्ट्यांच्या छेदावर दोन्ही विमाने धडकली आणि त्यांतील सर्व 14 जण मरण पावले. ही टक्कर जमिनीवरची असली तरी चूक तीच आहे.

पडद्याचा मुद्दा मात्र मी सहज झटकून टाकणार नाही. 19 फेब्रुवारी 2020 रोजी ऑस्ट्रेलियातील मँगलोर विमानतळाजवळ (नाव ओळखीचे वाटले तरी हे व्हिक्टोरिया राज्यातले आहे) प्रशिक्षणासाठी उडणाऱ्या दोन विमानांची टक्कर होऊन चौघे गेले. दोन्ही विमाने एडीएस-बीने आपली जागा प्रक्षेपित करत होती, पण दुसऱ्याची जागा दाखवणारे साधन दोन्हींत नव्हते. ते असते तर कदाचित वेळेवर कळले असते. तेव्हा पडदा जरूर असावा. चूक आहे ती ‘सगळी’ या शब्दात. अमेरिकेत 1 जानेवारी 2020 पासून एडीएस-बीची सक्ती ठराविक हवाई क्षेत्रांपुरती आहे आणि असंख्य छोटे विमानतळ त्या क्षेत्रांच्या बाहेर पडतात. दहा मैलांवर असताना पडदा पाहून पुढचे चित्र मनात तयार करणे शहाणपणाचे. सर्किटमध्ये शिरल्यावर मात्र त्याच्याकडे पाहण्यात गेलेला प्रत्येक सेकंद बाहेर पाहण्यातून वजा होतो.

आता सरळ येण्याबद्दल. एफएए ते निषिद्ध ठरवत नाही, आणि उपकरणांच्या आधारे ढगांतून येणाऱ्याला बहुधा दुसरा मार्ग नसतो. मात्र अशा विमानाने सर्किटमधल्या विमानांचा क्रम मोडू नये, असे एफएएच्याच मार्गदर्शनात आहे. उतरणाऱ्या विमानाला अग्रहक्क असतो हे खरे. पण खाली असलेल्या विमानाने त्या हक्काचा वापर दुसऱ्याच्या पुढे घुसण्यासाठी करू नये, असेही तोच नियम सांगतो. 18 ऑगस्ट 2022 रोजी कॅलिफोर्नियातील वॉट्सनव्हिल येथे एक सेस्ना 152 सर्किटमध्ये होते आणि दोन इंजिनांचे सेस्ना 340 सुमारे 180 नॉट वेगाने सरळ येत होते. दोन्ही वैमानिक रेडिओवर बोलत होते. ‘तुम्ही फार वेगाने येत आहात, मी पुन्हा वर जातो’ अशा अर्थाचे शब्द 152 च्या वैमानिकाने उच्चारले आणि काही क्षणांत टक्कर झाली. दोन्ही विमानांतील तिघे मरण पावले. हवा स्वच्छ होती, रेडिओ चालू होता, मागच्या विमानाचे अस्तित्व पुढच्याला ठाऊक होते. संदेशाच्या हिशोबाने ही टक्कर व्हायलाच नको होती.

सर्किट या ठिकाणी काय करते, ते पाहावे. सर्व विमाने ठरलेल्या उंचीवर, सहसा डावीकडे वळत, जवळपास सारख्या वेगाने एकामागे एक येतात. डाउनविंडवर (धावपट्टीला समांतर, उतरण्याच्या उलट दिशेने जाणाऱ्या बाजूवर) असलेल्या वैमानिकाला पुढचे विमान डाउनविंड, बेस (धावपट्टीच्या रेषेकडे वळणारी आडवी बाजू) किंवा फायनल (धावपट्टीच्या रेषेतला शेवटचा टप्पा) यांपैकी कुठेतरी असणार हे न विचारता कळते. 54 सेकंदांचे आकाश तीन-चार जागांवर येते. डाउनविंडला मध्यावर 45 अंशांत मिळण्याची शिफारसही म्हणूनच आहे: मिळणाऱ्याला सर्किट समोर पसरलेले दिसते आणि सर्किटमधल्यांना तो अपेक्षित कोपऱ्यातून येताना दिसतो. पलीकडच्या बाजूने यायचे असेल तर सर्किटच्या 500 फूट वरून धावपट्टी ओलांडावी, पुरते बाहेर जावे आणि मगच उंची कमी करून मिळावे. आणि रेडिओवर ऐकलेले विमान बेसला वळण्यापूर्वी दिसलेच नाही, तर वळू नये. डाउनविंडवरून तसेच पुढे जाऊन सर्किटमधून बाहेर पडावे आणि पुन्हा मिळावे. संदेशाने वाचवलेली पाच मिनिटे यात खर्च होतात.