चार चाकनी गाडी, दोन चाकवर रडस

परवा खान्देशात, चोपडा तालुक्यातल्या अडावदच्या अलीकडे एका नाल्याच्या फरशीवर पिकअपचा मागचा जॉइंट शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा फिरता दांडा, तुटला. हौसिंगकडचा, म्हणजे मागच्या एक्सलच्या बाजूचा क्रॉस (अधिकच्या चिन्हासारखा सांधा) गेला. चूक माझीच. महिनाभर क्लच सोडताना खालून 'खट्' व्हायचं, आणि क्रॉसच्या कटोरीभोवती कुंकवासारखी लाल भुकटी दिसत होती. ही भुकटी म्हणजे आतल्या बारीक सुया ग्रीसविना कोरड्या घासतायत, त्यांचा गंज. पाण्यातून गाडी काढली की ग्रीस गनचे चार दाब द्यायचे असतात. नाही दिले. पुढे चला.

शाफ्ट एका टोकाने तुटला की गाडी तिथल्या तिथे थांबवायची, 'वीस पावलांवर सावली आहे' असलं काही मनात आणायचं नाही. दुसरं टोक फिरतच असतं. ते सुटलेलं लोखंड खालून डिझेलची टाकी, ब्रेकचा पाइप, सायलेन्सर, जे हाताला लागेल ते बडवतं. पुढचं टोक सुटून रस्त्यात रुतलं तर त्याच्याइतकं वाईट काही नाही, धावती गाडी त्या दांड्यावर उचलली जाऊ शकते. माझं मागचं सुटलं होतं, म्हणजे नशीब. मेच्या उन्हात नाल्यात गाडीखाली आडवं पडणं हे नशीब असेल तर.

फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देता येणाऱ्या गाडीचा फायदा इथे होतो. मागचा शाफ्ट पूर्ण काढून टाकायचा, गिअरशेजारचा छोटा दांडा 'फोर एच'वर (चारही चाकं, नेहमीचा वेग) घ्यायचा, पुढचे हब लॉक करायचे, म्हणजे पुढची चाकं एक्सलला जोडायची, की गाडी पुढच्या चाकांवर चालते. शाफ्ट दोन्ही टोकांना फ्लँजवर (चपट्या चकतीवर) बोल्टने बसवलेला असला तर हे सोपं. शाफ्टचं तोंड थेट गिअरबॉक्सच्या शेपटीत शिरत असेल, तर तो ओढल्यावर तिथलं ऑइल आपल्या छातीवर येतं. भोकाला प्लॅस्टिकची पिशवी लावून ट्यूबच्या पट्टीने आवळावं लागतं. कायम चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीत मधला डिफरन्शियल (पुढे-मागे ताकद वाटणारा गिअरचा डबा) लॉक होत नसेल तर सगळी ताकद मोकळ्या टोकाकडे पळते आणि गाडी जागची हलत नाही.

माझ्या शाफ्टला मागे चार बोल्ट, मधल्या बेअरिंगचे दोन, पुढे चार. एकूण दहा. फ्लँजवर खडूने खूण केली, म्हणजे परत बसवताना तोंड बदलत नाही आणि गाडी थरथरत नाही. पाना लावला की शाफ्टच गरगर फिरतो, म्हणून क्रॉसमध्ये टॉमी (लोखंडी पहार) अडकवला. नऊ बोल्ट अर्ध्या तासात निघाले. दहाव्याने दुसरा अर्धा तास आणि उजव्या अंगठ्याचं कातडं घेतलं. दहावा बोल्ट असाच का असतो? कारखान्यात तो घट्ट करायला वेगळा माणूस ठेवतात की काय.

बाहेर आलो तर वर चढावर बाभळीखाली एक बाबा उकिडवे बसलेले. पांढरी टोपी, हातात काठी, शेजारी दोन शेळ्या. किती वेळ बसले होते देव जाणे. दहाही बोल्ट त्यांनी मोजले असावेत.

"काय व्हयनं भो?"

"जॉइंट तुटला, बाबा."

"मंग आते?"

"आता पुढच्या चाकांवर काढतो."

बाबांनी गाडीकडे पाहिलं, शेळ्यांकडे पाहिलं. "मंग ती मारुती व्हयनी," म्हणाले.

पुढे गार्ड, छतावर कॅरिअर, आणि मारुती. छोटी मारुतीही पुढच्याच चाकांवर चालते, म्हणजे बोलणं खोटं नव्हतं, म्हणून जास्त लागलं.

फरशीतून वर जायला पंचवीस-तीस पावलांचा चढ, त्यावर सुटी खडी. मागे युरियाच्या दहा गोण्या. पहिल्या गिअरला गाडी अर्ध्यावर गेली, पुढची चाकं भुर्रकन फिरली, खडी उडाली, गाडी मागे घसरली. दोनदा. दांडा 'फोर एल'वर (हळू वेग, जास्त ताकद) घ्यायचा मोह झाला, पण तिथे ताकद साधारण अडीचपट होते आणि ती सगळी एकट्या पुढच्या एक्सलवर पडली तर सीव्ही जॉइंटही (पुढच्या चाकाला फिरवणारा सांधा) जायचा. मग खरोखरच शेळ्या विकत घ्याव्या लागल्या असत्या.

"उलटी लई जाय," बाबा म्हणाले.

"काय?"

"रिव्हर्स. उलटी."

"कशाला?"

"तुम्ही शिकेल शेतस ना? चार चाकनी गाडी, दोन चाकवर रडस! बैलगाडी उलाळ व्हयनी तर बैल वढी का? जू वर जास, बैल लोंबकळस. वझं बैलवर पाहिजे. तुमना बैल पुढं, वझं मांगे."

मी गप्प. कारण हे बरोबर होतं. चढावर वजन खालच्या बाजूच्या चाकांवर येतं. तोंड वर असलं की ती मागची चाकं, आणि तिकडे शाफ्टच नाही. तोंड खाली करून उलटं चढलं की वजन पुढच्या, म्हणजे ओढणाऱ्या चाकांवर येतं. एवढं गणित वीस वर्षं गाडी चालवणाऱ्याला सुचलं नाही, आणि शेळीवाल्याला बसल्या जागी सुचलं.

एका शब्दाने तरी जिंकावं म्हणून मी म्हणालो, "गोण्यांमुळे होतंय."

"युरियानी गोणी आते ४५ किलोनीच येस. पहिले ५० ना यायची," बाबा म्हणाले, आणि शासनावर घसरले. इथे मात्र आमचं एकमत. २०१८ पासून गोणीतले पाच किलो गेले. दहा गोण्यांत पन्नास किलो कमी, आज पहिल्यांदा त्याचा उपयोग झाला.

फरशीवर सात-आठ वेळा पुढे-मागे करून गाडी फिरवली. मग मान वळवून रिव्हर्स. उलट्या गाडीत स्टिअरिंग जरा हललं तरी पुढचं थोबाड भलतीकडे जातं, म्हणून थोडं थोडंच फिरवायचं आणि अॅक्सिलरेटर एका जागी धरायचा. बाबा काठी हलवत "येऊ दे, येऊ दे" करत होते, बरोब्बर गाडीच्या मागे उभं राहून. बाजूला व्हा म्हटलं तर म्हणे, "मी दिसनू नही तर तुम्ही कथा जाशात?" गाडी एका दमात वर आली. शेळ्यासुद्धा उठल्या नाहीत.

बाबांनी शेळ्या समोरच्या मळ्यात दिल्या आणि न विचारता पुढच्या सीटवर बसले. "वझं पुढं," म्हणाले. चोपड्यापर्यंत चाळीसच्या वर काटा नेला नाही. डांबरावर 'फोर एच' लावू नये असं सांगतात, कारण वळणावर पुढचे-मागचे शाफ्ट एकमेकांशी भांडतात. मागचा शाफ्ट गोण्यांवर पडलेला असल्यावर भांडायला उरलंय कोण? फक्त स्टिअरिंग पूर्ण कापून अॅक्सिलरेटर द्यायचा नाही, कटकट ऐकू आली तर पाय उचलायचा. हे मी बाबांना समजावलं. ते झोपले होते.

गॅरेजवर मात्र टक्क जागे झाले. मी उतरून हब सोडवेपर्यंत सगळी हकीकत मिस्त्रीला सांगून झाली होती, आणि तिच्यात गाडी बाबांनीच चढवली होती. मिस्त्री खूश. त्याने पोऱ्याला चहा सांगितला, बाबांना खुर्ची दिली आणि मला गाडीखाली बॅटरी धरायला बोलावलं.