निवडणूक बूथवरच्या कागदात असते

कॅल्क्युलेटर घ्या आणि व्हेनेझुएलाच्या 2024 च्या अध्यक्षीय निवडणुकीत विजेत्याची म्हणून जाहीर झालेली 51,50,092 मतं एकूण 1,00,58,774 ने भागा. उत्तर येतं 51.2 टक्के. मग दुसऱ्या उमेदवाराची 44,45,978 मतं त्याच आकड्याने भागा. 44.2 टक्के. उरलेली 4,62,704 मतं म्हणजे 4.6 टक्के. तिन्ही उत्तरं चार दशांश स्थळांपर्यंत पूर्णांकित केली तरी पहिल्या स्थळानंतर शून्यच शून्य दिसतात. एक कोटीवर खरी मतं मोजली तर टक्केवारी 51.1837 अशी काहीतरी वेडीवाकडी येते. तिन्ही आकडे एकाच वेळी इतके गोल येणं योगायोगाने जवळजवळ अशक्य आहे. आधी टक्के लिहिले आणि नंतर त्यांना एकूण मतांनी गुणलं, तरच हे आकडे असे येतात.

28 जुलै 2024 च्या रात्री व्हेनेझुएलाच्या निवडणूक मंडळाने हे आकडे जाहीर केले. सत्तेतले राष्ट्राध्यक्ष निकोलस मादुरो 51.2, विरोधकांचे उमेदवार एडमुंडो गोंझालेस 44.2. सात टक्क्यांचा फरक, म्हणजे 'चुरशीची लढत'. माझं स्पष्ट मत आहे की हुकूमशाहीकडे झुकलेल्या सरकारला अशीच चुरस हवी असते. 90 टक्के मतं मिळाली म्हटलं तर जग विश्वास ठेवत नाही. 51 म्हटलं की लोक म्हणतात, असेल बुवा, थोडक्यात जिंकला असेल. म्हणून अशा निवडणुकीत 'मतं कुणाला पडली' याच्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे, मोजलेल्या मतांचा कागद कुणाच्या हातात आहे.

विरोधकांनी तिथे नेमकं काय केलं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. देशभरात मतदानाची साधारण 30,000 टेबलं होती. मतदान यंत्रावर होतं. मतदाराने बटण दाबलं की चिठ्ठी निघते, ती तो पेटीत टाकतो. मतदान संपलं की तेच यंत्र त्या टेबलाचा निकाल छापतं. त्याला तिकडे 'आक्ता' म्हणतात. किराणा दुकानाच्या बिलासारखी लांबलचक पट्टी. लांब, कारण मतपत्रिकेवर मादुरोंचा चेहरा वेगवेगळ्या पक्षांच्या नावाने 13 वेळा होता आणि प्रत्येक पक्षाची मतं वेगळी छापली जातात. खाली टेबलावरच्या कर्मचाऱ्यांच्या आणि पक्षांच्या प्रतिनिधींच्या सह्या, आणि क्यूआर कोड. नियमाप्रमाणे प्रत प्रतिनिधींनाही मिळते. ही सगळी सुरक्षा सरकारच्या काळातच उभी राहिलेली होती. विरोधकांनी तिचा पूर्ण वापर केला, एवढंच.

वापर करणं मात्र सोपं नव्हतं. प्रत्येक टेबलावर एक माणूस आणि एक राखीव धरला तरी 60,000 माणसं लागतात. त्यांचं ओळखपत्र वेळेत निघायला हवं. पहाटे दार उघडण्याआधी हजर राहायला हवं, कारण एकदा 'जागा भरली' म्हणून बाहेर ठेवलं की भांडण्यात दिवस जातो. जेवण, पाणी, औषध सोबत हवं. आणि सगळ्यात मोठी चूक होते ती संध्याकाळी: माणूस दमतो, घरून फोन येतो, 'मतदान तर संपलं' म्हणून तो उठतो. कागद छापला जातो तो त्यानंतर. दिवसभर बसून शेवटचे दोन तास जागा सोडणं म्हणजे आलेलं पीक शेतात टाकून येणं.

कागद मिळाल्यावरही घोळ होतात. फोटोत टेबल क्रमांक कापला जातो, पट्टी दुमडलेली राहते, सही अंधुक येते. असा फोटो पुरावा म्हणून कवडीमोलाचा. सपाट जागेवर ठेवून वरून, तुकड्या-तुकड्याने, प्रत्येक फोटोत थोडा भाग पुन्हा येईल असा काढायचा, क्यूआर कोड तिथेच स्कॅन करायचा, आणि मूळ कागद घरी न ठेवता ठरलेल्या माणसाकडे द्यायचा. व्हेनेझुएलात काही ठिकाणी प्रतिनिधींना आत घेतलं नाही, काही ठिकाणी प्रत नाकारली. तरीही 80 टक्क्यांहून जास्त टेबलांचे कागद जमले आणि इंटरनेटवर सर्वांना पाहायला ठेवले गेले. त्यांची बेरीज: गोंझालेस सुमारे 67 टक्के, मादुरो सुमारे 30. निवडणूक मंडळाने टेबलनिहाय आकडे आजवर दिलेले नाहीत. 2013 मध्ये मादुरो अवघ्या दीड टक्क्याने जिंकले तेव्हा ते दिले होते, हे विसरू नका.

इथे एक तांत्रिक मुद्दा. अनेक देशांत स्वयंसेवी संस्था हजार-दीड हजार बूथ यादृच्छिक निवडून निकालाचा अंदाज काढतात. पद्धत उत्तम आहे. पण तिच्यात एक-दोन टक्क्यांची चूक गृहीतच असते. खरी लढत एका टक्क्याची असेल तर नमुना उपयोगाचा नाही, जवळजवळ प्रत्येक बूथचा कागद लागतो.

झिम्बाब्वेत 2008 मध्ये प्रत्येक केंद्राबाहेर निकालाचा फॉर्म चिकटवणं बंधनकारक झालं होतं. विरोधकांनी त्यांचे फोटो काढले. अधिकृत निकाल महिन्याहून जास्त रखडला, पण राष्ट्राध्यक्ष मुगाबेंना पहिल्या फेरीत विजयी दाखवता आलं नाही: विरोधी नेते त्सवांगिराई 47.9 टक्के, मुगाबे 43.2. मग दुसऱ्या फेरीआधी इतकी मारहाण झाली की त्सवांगिराईंनी माघार घेतली. गॅम्बियात 2016 मध्ये पहिल्यांदाच मतदान केंद्रावरच मोजणी झाली. तिथे लोक गोट्या टाकून मत देतात, त्यामुळे लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही मोजणी डोळ्यांनी दिसते. 22 वर्षं सत्तेत असलेले जामे हरले, आधी हार मानली, आठवड्याभरात फिरले. शेवटी शेजारी देशांचं सैन्य सीमेत आल्यावर जानेवारी 2017 मध्ये देश सोडून गेले.

म्हणजे कागद सत्ता बदलतो असं नाही. त्याच्यापुढे सैन्य, न्यायालय, शेजारी देश सगळं येतं. पण कागद नसेल तर यातलं कुणीच हलत नाही, कारण मग फक्त तुमचा शब्द आणि सरकारचा शब्द उरतो. म्हणूनच मतदानाआधी महिनाभर 'घोटाळा होणारच' असं पसरवणाऱ्यांचा मला राग येतो. त्याने आपलेच मतदार घरी बसतात आणि बूथवर बसायला माणूस मिळत नाही. आरोप नंतर करा, आकडे हातात घेऊन करा.

व्हेनेझुएलात पुढे 2,000 हून अधिक लोकांना अटक झाली, गोंझालेस सप्टेंबरमध्ये स्पेनला गेले आणि 10 जानेवारी 2025 ला मादुरोंनी शपथ घेतली. त्याच आठवड्यात त्या लांब पट्ट्या पनामाच्या राष्ट्रीय बँकेत सुरक्षित ठेवायला दिल्या गेल्या.