आधी तिचं ऐकून तरी घ्या!

सातवीच्या वर्गात फळ्यावर मी ‘भाषण व अभिव्यक्ती स्वातंत्र्य’ असं लिहिलं आणि मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, “बाई, मग तिचा कागद का काढला?”

सगळा वर्ग गप्प झाला. जिचा कागद काढला होता ती तिसऱ्या बाकावर खाली मान घालून बसली होती. हातात खडू धरून मी नुसती उभी राहिले. इतकी वर्षं नागरिकशास्त्र शिकवतेय, पण त्या दिवशी वर्गाबाहेर पडताना जेवढा संताप आला होता तेवढा कधीच आला नव्हता. तो अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहितेय.

झालं असं. भित्तिपत्रकाचा विषय होता ‘माझी शाळा’. या मुलीने सात-आठ ओळी लिहिल्या. मुलींच्या स्वच्छतागृहात दुपारनंतर पाणी नसतं, म्हणून आम्ही काही जणी दिवसभर पाणीच पीत नाही, टाकी लवकर दुरुस्त करावी. एवढंच. कुणाचं नाव नाही, कुणाला दूषण नाही, शेवटी ‘विनंती’ हा शब्दसुद्धा आहे. मधल्या सुट्टीपर्यंत कागद खाली उतरला होता. तिला ऑफिसात बोलावून उभं केलं. “हे लिहायला कोणी सांगितलं?” हा पहिला प्रश्न. बारा वर्षांच्या मुलीला पाणी नाही हे स्वतःचं स्वतःला कळू शकतं, हे तिथे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मग माफीनामा. ‘मी शाळेची बदनामी केली, पुन्हा असं करणार नाही.’ मजकूर मोठ्यांनी सांगितला, अक्षर तिचं. मग वडिलांना बोलावणं आणि ते वाक्य, जे ऐकलं की पालकांचे पाय लटपटतात: “दाखला हातात देऊ.”

या सगळ्या प्रकारात नळ उघडून बघायला एकही माणूस गेला नाही.

दाखल्याची धमकी तर धडधडीत बेकायदेशीर आहे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १६ सांगतं की प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. कलम १७ मानसिक छळाला मनाई करतं, नुसत्या मारालाच नव्हे. धमकी देणाऱ्यांना हे पक्कं माहीत असतं. पालकांना नसतं, म्हणून ती चालते. आणि ‘बदनामी’ हा शब्द! ज्या कायद्यात बदनामी हा गुन्हा आहे, त्याच कायद्यात पहिलाच अपवाद असा आहे की खरी गोष्ट लोकहितासाठी सांगितली तर ती बदनामी नव्हे. टाकीत पाणी नाही हे खरं आहे. ते सांगणं शाळेतल्या प्रत्येक मुलीच्या हिताचं आहे. मग कसली बदनामी? तिच्याकडून खोटं लिहून घेतलं, सरळ सरळ खोटं.

मी बोलले. शिक्षक खोलीत बोलले, मोठ्याने बोलले. उत्तर काय मिळालं? “मुलांना हक्क शिकवले की ती डोक्यावर बसतात. आधी कर्तव्यं शिकवा.” हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटलेत. आमच्या पाठ्यपुस्तकांच्या सुरुवातीची पानं उघडून बघा. उद्देशिका आहे, राष्ट्रगीत आहे, प्रतिज्ञा आहे, मूलभूत कर्तव्यंही आहेत. मूलभूत हक्कांची यादी तिथे नाही. ते धड्यात, तेही इतिहासाच्या जोडीला बांधलेल्या नागरिकशास्त्रात, ज्याचे तास गणिताचा पोर्शन राहिला की सर्वात आधी जातात. कर्तव्यांना माझा विरोध नाही. पण ती संविधानात कधी आली हे कुणी मुलांना सांगतं का? १९७६ साली, ४२ व्या घटनादुरुस्तीने, आणीबाणी चालू असताना. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांपैकी चौघांनी म्हटलं की आणीबाणीत डांबलेल्या माणसाला सुटकेसाठी कोर्टाचं दार ठोठावता येणार नाही. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरोधात उभे राहिले आणि पुढे त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्याला सरन्यायाधीश केलं गेलं. हे सांगा ना मुलांना! हक्क म्हणजे काय ते दहा मिनिटांत कळेल.

आणि कर्तव्यंच शिकवायची असतील तर ती तरी नीट वाचा. ‘शोधकबुद्धी’ विकसित करणं हे त्यातलंच एक कर्तव्य आहे. पाणी का नाही हे विचारणारी मुलगी तेच तर करत होती!

परीक्षेचं तर विचारूच नका. ‘कोणतेही चार मूलभूत हक्क लिहा.’ ‘रिकाम्या जागा भरा.’ मुलं गाईडमधून पाठ करतात, ओकतात, विसरतात. बाबासाहेबांनी कलम ३२ ला संविधानाचा आत्मा म्हटलं हे प्रत्येक मुलाला येतं. त्या कलमाने नेमकं काय करता येतं, तर आपला हक्क हिरावला गेला म्हणून थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येतं, हे दहातल्या एकालाही सांगता येत नाही. अर्थात दोष मुलांचा नाही, तो प्रश्न आपण कधी विचारतच नाही.

खरं शिकवलं तर मुलं काय करतात, तेही सांगते. मी वर्गात केरळमधल्या तीन भावंडांची गोष्ट सांगितली. १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढलं, कारण राष्ट्रगीताच्या वेळी ती उभी राहायची पण गायची नाहीत, त्यांच्या धर्मश्रद्धेत ते बसत नव्हतं. निकाल न सांगता मी विचारलं, तुम्ही न्यायाधीश असता तर काय केलं असतं? वर्ग पेटला. “काढायलाच पाहिजे होतं” म्हणणारे निम्म्याहून जास्त होते. मग एक मुलगी उठली आणि म्हणाली, “पण ती उभी राहत होती ना? मग अपमान कुठे झाला?” सर्वोच्च न्यायालयानेही १९८६ साली नेमकं हेच विचारलं होतं आणि मुलांना शाळेत परत घ्यायला लावलं होतं. सगळ्यात मोठ्याने भांडणारा मुलगा तास संपताना म्हणाला, “बाई, मला अजून ते आवडलं नाही, पण त्यांना काढायला नको होतं.” न आवडणाऱ्या माणसालाही हक्क असतो, हे त्याला समजलं! पस्तीस मिनिटांत! आणि बाहेर आल्यावर मला काय ऐकायला मिळालं? “तुमच्या वर्गाचा फार आवाज येत होता.”

अभिव्यक्ती स्वातंत्र्याला मर्यादा आहेत, हेही मी शिकवते. संविधानाच्या कलम १९ (२) मध्ये त्या एकेक करून दिल्या आहेत: देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, न्यायालयाचा अवमान, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी वगैरे. ‘मुख्याध्यापकांना वाईट वाटलं’ ही मर्यादा त्यात नाही. ‘पाहुणे येणार होते’ हीसुद्धा नाही.

या प्रकाराचा दुसरा भाग, म्हणजे ऐकून न घेता शिक्षा करणं, तर याहून वाईट आहे, कारण तो कुणाला खुपतही नाही. माणसाला शिक्षा करण्याआधी आरोप सांगा, त्याचं म्हणणं ऐका, पुरावा बघा आणि ज्याची तक्रार आहे त्यालाच न्यायाधीश करू नका. इतकी साधी गोष्ट. आमच्या शाळांमध्ये रोज तिच्या उलट शिकवलं जातं. बाई वर्गाबाहेर गेल्या की मॉनिटर फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहितो. नाव आलं की गुन्हा सिद्ध. “मी फक्त पेन मागितला” म्हटलं की उलट बोलला म्हणून आणखी शिक्षा. खिडकीची काच फुटली की “ज्याने फोडली त्याने उभं राहा, नाहीतर सगळा वर्ग उन्हात.” एकाच्या चुकीसाठी पन्नास जणांना शिक्षा! मीही पूर्वी हे केलंय. त्याची मला आज लाज वाटते आणि त्या वर्गाची मी माफी मागितली आहे.

जीविताचं आणि व्यक्तिगत स्वातंत्र्याचं रक्षण करणाऱ्या कलम २१ च्या मसुद्यात आधी ‘योग्य प्रक्रिया’ या अर्थाचे शब्द होते. ते काढून ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ असे शब्द घातले गेले. बाबासाहेबांना ती उणीव सलत होती. सप्टेंबर १९४९ मध्ये त्यांनी संविधान सभेत आज कलम २२ असलेली तरतूद मांडली, तेव्हा त्या वेळी जे गेलं त्याची ही भरपाई आहे असं ते स्पष्ट बोलले. अटकेचं कारण सांगा, वकील करू द्या, चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करा. पुढे १९७८ साली, कारण न सांगता पासपोर्ट जप्त केल्याच्या मनेका गांधी खटल्यात, न्यायालय म्हणालं की कार्यपद्धती नुसती कायद्यात लिहिलेली असून भागत नाही, ती न्याय्य असली पाहिजे. तीस वर्षं माणसं भांडली या एका गोष्टीसाठी! आणि आमच्याकडे एका मुलीचा कागद कारण न सांगता काढतात आणि आधी माफीनामा घेऊन मग वडिलांना बोलावतात.

कुणी म्हणेल, शाळेला कोर्टाचे नियम कसे लावणार? कोर्टाचे लावू नका. तिला खुर्चीवर बसवून “काय झालं ते सांग” एवढं विचारायला कुठला नियम आडवा येतो?

याचे परिणाम शाळेपुरते राहत नाहीत. २०१२ मध्ये पालघरला दोन तरुणींना अटक झाली, फेसबुकवर बंदबद्दल दोन ओळी लिहिल्या म्हणून. दुसरीने तर ती पोस्ट लिहिलीही नव्हती, लाइक केली होती. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६ अ कलमाखाली असे गुन्हे नोंदवले जात होते ते सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली रद्द केलं. तरीही २०२१ मध्ये त्याच न्यायालयापुढे उघड झालं की मेलेल्या त्या कलमाखाली पोलीस अजून गुन्हे नोंदवतच आहेत. ते लिहून घेणारा माणूसही कधीतरी सातवीत होता. त्यानेही रिकाम्या जागा भरल्या होत्या आणि त्याला पैकीच्या पैकी मिळाले असतील.

२६ नोव्हेंबरला आमच्या परिपाठात सगळी शाळा एका सुरात उद्देशिका वाचते. ‘विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य.’ गेल्या वर्षी माईकसमोर उभं राहून ती याच मुलीने म्हटली होती, कारण तिचे उच्चार स्वच्छ आहेत. या वर्षी तिला विचारलं तर ती म्हणाली, “नको बाई, दुसऱ्या कुणाला तरी द्या.” एवढंच बोलली आणि वही उघडून बसली.

तो कागद आणि तो माफीनामा अजून ऑफिसातल्या टेबलाच्या खणात आहेत. दोन्ही मला परत हवे आहेत, कागद भित्तिपत्रकावर लावायला आणि माफीनामा तिच्या हातात द्यायला. सोमवारी पहिल्या तासाआधी अर्ज देणार आहे, लेखी, पोच घेऊन. टाकीबद्दलचा दुसरा अर्ज त्याला जोडलेला असेल आणि त्यावर पहिली सही माझी असेल.