टेस्टोस्टेरॉन घटलं म्हणून प्रोस्टेट वाढते?

"तरुणांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन भरपूर, त्यांना प्रोस्टेटचा त्रास नाही. म्हाताऱ्यांचं आटलेलं, म्हणून त्यांनाच रात्री चारदा उठावं लागतं. टेस्टोस्टेरॉन वाढवणारी गोळी घ्या, वाढलेली ग्रंथी आपोआप आकसेल." असा मेसेज फिरत असतो. (प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी; ती वाढली की लघवीचा त्रास होतो.) सुरुवात खरी असल्यामुळे पुढचंही गळी उतरतं.

"म्हाताऱ्यांचं आटलेलं." आटलेलं नाही, पण उतरतं हे खरं. चाळिशीच्या आसपास टेस्टोस्टेरॉन वर्षाला साधारण १ टक्का घटू लागतं. केसही त्याच सुमारास पांढरे होतात. कलप लावल्याने लघवीची धार सुधारल्याचं कोणी सांगत नाही.

"म्हणून त्यांनाच." हार्मोनची कमतरता हेच कारण असतं, तर ज्यांच्या शरीरात ते जवळपास नाहीच, त्यांची ग्रंथी सगळ्यांत मोठी हवी. घडतं उलटं. वयात येण्याआधी वृषणं काढलेल्यांना हा आजार होत नाही. चीनच्या राजदरबारातल्या वृद्ध खोजांची, म्हणजे वृषणं काढलेल्या सेवकांची, १९६० साली तपासणी झाली, तेव्हा २६ पैकी २१ जणांची प्रोस्टेट गुदद्वारातून तपासताना बोटाला लागलीसुद्धा नाही.

मग उतारवयातच का? मेसेज फक्त रक्ताकडे बघतो, खरा कारभार ग्रंथीच्या आत चालतो. तिथे ५-अल्फा रिडक्टेज हे एन्झाइम टेस्टोस्टेरॉनपासून डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन, म्हणजे डीएचटी, बनवतं. ते मूळ हार्मोनपेक्षा बरंच जोरकस. रक्तातली पातळी उतरली तरी ग्रंथीतलं डीएचटी म्हातारपणीही टिकून राहतं, आणि ग्रंथी वर्षानुवर्षं हळूहळू वाढत जाते.

याचा पुरावा डॉमिनिकन रिपब्लिकमधून आला. तिथल्या काही कुटुंबांत हे एन्झाइम जन्मतःच नीट काम करत नाही, असं १९७४ मध्ये प्रसिद्ध झालं. त्या पुरुषांत टेस्टोस्टेरॉन पुरेसं, प्रोस्टेट मात्र आयुष्यभर छोटीशी. त्याच धाग्यावरून फिनास्टेराइड हे औषध आलं. अमेरिकेत १९९२ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. ते डीएचटी घटवतं आणि ग्रंथी साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्शाने लहान होते. गोळीवाल्यांचा सल्ला नेमका याच्या उलट दिशेचा.

तरी डीएचटी हा एकटाच खलनायक नव्हे. ते तर तरुणांतही असतं. इस्ट्रोजेनचं बदलतं प्रमाण आणि ग्रंथीतला दाह यांचाही हात असावा.

"ग्रंथी आपोआप आकसेल." २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्या पुरुषांना सहा महिने त्याची इंजेक्शनं दिली. रक्तातली पातळी चढली; प्रोस्टेटच्या आत ना टेस्टोस्टेरॉन फारसं हललं, ना डीएचटी. तेव्हा आकसायचं कशामुळे?

फिनास्टेराइडचाही परिणाम दिसायला सहा महिने लागू शकतात. शिवाय त्याने पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या कॅन्सरची शंका तपासायला रक्तात मोजतात तो आकडा, जवळपास निम्मा होतो. त्यामुळे ही गोळी चालू असताना पीएसए तपासला, तर ते डॉक्टरांना आधी सांगा. नाहीतर कॅन्सरची शंका घ्यावी असा आकडाही नॉर्मल वाटेल.